न तपासलेल्याची यादी

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले आणि खराडी मागे टाकली की वाघोली येते. या गावाची जुनी ओळख तीन गोष्टींची: वाघेश्वराचे देऊळ, पेशवाईतले सरदार पिलाजीराव जाधवराव यांची समाधी आणि दगडखाणी. पुण्याच्या कितीतरी इमारतींत इथली खडी गेली आहे. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबादकडची बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. त्यांचे केंद्रही याच वाघोलीत उभे राहिले. २०२१ मध्ये गाव महापालिकेत गेले. टँकर मात्र पूर्वीसारखेच येतात.

आज केसनंद फाट्याच्या आसपास मान वर करून चालावे, तर पाट्याच पाट्या. खाली मेस, झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती. वर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर 'सॉफ्टवेअर टेस्टिंग', 'मॅन्युअल आणि ऑटोमेशन', 'शंभर टक्के नोकरीची हमी'. सकाळी आठ वाजता जिन्यात चपलांचा ढीग असतो. मुले-मुली लातूरची, बीडची, नांदेडची, जळगावकडची. कोणी इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेले, तर कोणी बी.एस्सी. करून दोन वर्षे घरी बसलेले. फी दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता गावाकडून यायचा असतो आणि तो सोयाबीनच्या भावावर अवलंबून असतो. ही मुले जे शिकायला आली आहेत, ते काय आहे आणि त्यात काय शिकवायचे राहून जाते, याबद्दल आज लिहायचे आहे. विषय संगणकाचा असला तरी घाबरू नये. आपले निवृत्तिवेतन, आपला गॅसचा नंबर आणि आपल्या मुलांचे निकाल ज्या यंत्रावर चालतात, त्याचाच हा विषय आहे.

निवृत्तीनंतर मी वाघोलीत राहायला आलो. कारण उघड आहे: बँकेतल्या अधिकाऱ्याला निवृत्तीच्या पैशात कोथरूडला घर मिळत नाही. आमच्याच सोसायटीतला एक तरुण असा वर्ग चालवतो. दहा वर्षे खराडीच्या एका कंपनीत टेस्टिंग केलेला, हुशार मुलगा. एकदा लिफ्टमध्ये म्हणाला, "काका, तुम्ही बँकेत होतात ना? आमच्या मुलांना जरा डेबिट-क्रेडिट समजावून सांगाल का? बँकेच्या प्रोजेक्टवर जातात आणि कर्जखात्याला व्याज नावे पडतं की जमा होतं, इथेच अडतात." तेव्हापासून रविवारी सकाळी दोन तास मी त्या वर्गात जातो. शिकवायला म्हणून गेलो खरा, पण मागच्या बाकावर बसून त्याचे तासही ऐकू लागलो.

टेस्टिंग म्हणजे काय, हे मराठी घरात सांगायला सोपे आहे. शितावरून भाताची परीक्षा आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. एक शीत बोटाने दाबून पाहायचे, शिजले असेल तर पातेले उतरवायचे. हे चालते, कारण एका पातेल्यातली सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. सॉफ्टवेअरचे तसे नसते. पाचशे रुपये काढणारे शीत शिजलेले असेल आणि शून्य रुपये काढू पाहणारे कच्चे असेल. म्हणून टेस्टिंग करणाऱ्याने आधी ओळखायचे असते की इथे पातेली किती आहेत. मग प्रत्येक पातेल्यातले एक शीत घ्यायचे आणि पातेल्याच्या कडेला लागलेली शिते तर मुद्दाम घ्यायची, कारण करपते ते कडेलाच. पुस्तकात याला 'इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग' आणि 'बाउंडरी व्हॅल्यू' अशी भारदस्त नावे आहेत.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे स्वतःच्या प्रोग्रॅमबाबत सहसा जमत नाही. आपल्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. तो मिठाला बरोबरच झालेला आहे अशा श्रद्धेने पानात वाढायचा. प्रोग्रॅमरची आपल्या कामावर साधारण तशीच श्रद्धा असते. चाखणारा माणूस दुसरा हवा.

ग्लेनफर्ड मायर्स या अमेरिकन लेखकाचे 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' हे पुस्तक १९७९ साली निघाले. त्याच्या सुरुवातीलाच एक कोडे आहे. एक प्रोग्रॅम तीन आकडे घेतो, ते त्रिकोणाच्या बाजू मानतो आणि त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगतो. हा प्रोग्रॅम नीट चालतो की नाही हे पाहायला तुम्ही त्याला कोणते आकडे द्याल? वाचकांनी इथे थांबून चहा होईपर्यंत कागदावर करून पाहावे. वर्गातली मुले पहिल्या मिनिटात तीन उत्तरे देतात: ३, ४, ५, मग ५, ५, ५, मग ५, ५, ३. नंतर शांतता. हळूहळू कोणाला तरी सुचते की १, २, ३ दिले तर? एक आणि दोन मिळून तीनच होतात, म्हणजे त्रिकोण आडवा पडून रेघ होते. १, २, १० दिले तर बाजू एकमेकींना भेटणारच नाहीत. एक बाजू शून्य दिली तर? उणे दिली तर? दोनच आकडे दिले तर? ५, ५, ३ चालले, पण तेच ३, ५, ५ या क्रमाने दिले तर? मायर्सने असे चौदा प्रश्न काढले आणि लिहून ठेवले की अनुभवी प्रोग्रॅमरनाही सरासरी ७.८ च सुचतात. मुलांना हे ऐकून फार बरे वाटते.

मला यात काही नवे वाटले नाही, याचे कारण माझी नोकरी. संगणकाआधीच्या बँकेत लेजर बॅलन्सिंग नावाचा सोहळा असे. शेकडो खात्यांच्या शिलका हाताने उतरवून त्यांची बेरीज मुख्य खतावणीशी जुळवायची. जुळली नाही तर रात्री दहापर्यंत दिवे चालू. पण फरक शोधायच्या रीती ठरलेल्या होत्या. फरकाला नऊने नि:शेष भाग गेला तर कोणीतरी आकडे उलटे लिहिले असण्याची शंका घ्यायची: ५४ च्या जागी ४५ लिहिले तर फरक ९, ८१ च्या जागी १८ लिहिले तर ६३. फरक सम आला तर त्याची निम्मी रक्कम शोधायची, कारण अडीचशेची जमा चुकून नावे बाजूला गेली की फरक पाचशेचा पडतो. हे कोणी पुस्तकातून शिकवले नाही. शेजारच्या टेबलावरचे हेडक्लार्क चष्मा कपाळावर सरकवून सांगत. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून सही करायची हा नियम तर देवळातल्या आरतीइतका ठाम होता. सही करणाऱ्याचा पगार खरे म्हणजे शंका घेण्याबद्दलच असे.

१९८३ साली बँक व्यवस्थापने आणि संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला, मग लेजर पोस्टिंगची यंत्रे शाखेत आली. बॅलन्सिंग गेले आणि त्याबरोबर चुकाही गेल्या अशी अनेकांची समजूत झाली. चुका गेल्या नाहीत, त्यांचा आकार वाढला. २०२३ च्या ऐन दिवाळीत, १० ते १३ नोव्हेंबरच्या दरम्यान, युको बँकेच्या सुमारे ४१ हजार खात्यांवर ८२० कोटी रुपये जमा झाले. पाठवणाऱ्यांच्या बँकांत ते व्यवहार अयशस्वी ठरलेले होते, तिथे पैसे नावे पडलेच नव्हते. इकडे मात्र जमा झाली. जमा आहे आणि नावे नाही, ही गोष्ट १९८५ सालचा कनिष्ठ कारकून संध्याकाळी साडेसहाला बोट ठेवून दाखवू शकला असता. बरीचशी रक्कम काही दिवसांत परत मिळवली गेली, पण मग तपास यंत्रणांना कामाला लावावे लागले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. टेस्टिंगच्या शिक्षणाचे दोन भाग असतात. तपासायचे कसे हा एक आणि तपासणीचे नियोजन कसे करायचे हा दुसरा. नियोजनाचा कागद म्हणजे टेस्ट प्लॅन. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने १९८३ साली त्याचा नमुना ठरवून दिला. त्यात सोळा कलमे होती. पुढे त्याची जागा नव्या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली. वर्गांतून मात्र अजून तीच सोळा कलमे फिरतात आणि ती चांगली आहेत. चौथे कलम काय तपासणार याचे. पाचवे कलम काय तपासणार नाही आणि का नाही याचे. सोळावे कलम मंजुरीचे, म्हणजे नावे आणि सह्या.

पाचव्या कलमाने मला पहिल्याच दिवशी खिळवून ठेवले. सगळे तपासणे कोणालाच शक्य नसते. आकड्यांच्या जोड्या अनंत असतात आणि दिवस मोजके. तेव्हा काहीतरी सोडावेच लागणार. प्रामाणिक माणूस काय सोडले ते लिहून ठेवतो. आमचे शाखा तपासनीसही अहवालात लिहीत, की सोने तारण खात्यांपैकी इतकी पिशव्या उघडून पाहिली, बाकीची पाहिली नाहीत. पुढे त्या बाकीच्यांत काही निघाले तर निदान कोणाला तरी आठवण राही की तिथे कोणी पाहिलेले नाही.

मुलांनी सरावासाठी लिहिलेले तीस-पस्तीस टेस्ट प्लॅन मी एका रविवारी चाळले. चौथे कलम दोन-दोन पाने. पाचव्या कलमापुढे जवळजवळ प्रत्येकाने दोनच शब्द लिहिले होते: 'लागू नाही'. सोळाव्या कलमापुढे सगळ्यांनी 'मॅनेजर' असे लिहिले होते.

वर्ग चालवणाऱ्या तरुणाला मी हे दाखवले. तो हसला. "काका, कंपनीतसुद्धा तेच लिहितात. पाचव्यात काही लिहिलं की क्लायंट विचारतो, हे का नाही केलं? मग कोणी लिहीतच नाही. आणि मुलाखतीत पाचवं कलम कोण विचारतो? सेलेनियम येतं का, जीरा येतं का, एवढंच विचारतात. त्यांना हवं तेच मला शिकवावं लागतं." त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याला जागेचे भाडे भरायचे आहे आणि मुलांना नोकऱ्या हव्या आहेत. पण 'लागू नाही' या दोन शब्दांची किंमत बाहेर कोण देते, हे त्याच्या फळ्यावर कधी येत नाही.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. २०१७ च्या जूनमध्ये राज्य सरकारने ३४ हजार कोटींच्या शेतकरी कर्जमाफीची घोषणा केली. अर्ज ऑनलाइन भरायचे ठरले. नवरा-बायको बोटांचे ठसे द्यायला केंद्रांवर रांगा लावून उभे राहिले. दिवाळीचा मुहूर्त धरून ऑक्टोबरमध्ये समारंभाने प्रमाणपत्रे वाटली गेली. मग याद्या बँकांकडे आल्या, तेव्हा एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे असे घोळ बाहेर पडले आणि खात्यावर पैसे पडायला वेळ लागत गेला. योजना चांगली की वाईट हा इथला प्रश्न नाही. एक क्रमांक एकदाच यावा, ही तपासणी नवशिक्या टेस्टरच्या पहिल्या पानावर असते. पण मुहूर्त आधी ठरला आणि कामाचे दिवस नंतर मोजले गेले, की मांडवात जे राहून जाते ते राहूनच जाते. लग्नात निदान वरमाय रुसून दाखवून देते.

मुहूर्ताचा रोग फक्त आपल्याला आहे असे मानायचे कारण नाही. इंग्लंडमधल्या टीएसबी या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपले ५२ लाख ग्राहक जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर हलवले. दुसऱ्या दिवसापासून गोंधळ. १९ लाख लोकांना आपली खाती उघडता येईनात. नंतरच्या चौकशीत दिसले की शेवटची तारीख आधी धरून तिथून मागे कामे बसवली होती आणि तपासणी अपुरी पडली होती. २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०२३ मधला दुसरा दंड. तो बँकेच्या माहिती तंत्रज्ञान प्रमुखाला व्यक्तिशः झाला: ८१ हजार ६२० पौंड. यंत्रणा पुरवणाऱ्यांची तयारी खरोखर झाली आहे का, याची त्याने पुरेशी खातरजमा केली नाही, असे नियामकाचे म्हणणे होते. म्हणजे सोळाव्या कलमाखालच्या सहीला कुठेतरी अर्थ आहे.

आणि जिथे अर्थ नसतो तिथे काय होते, तेही इंग्लंडनेच दाखवले. तिथल्या टपाल खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक यंत्रणा बसवली. खेडोपाडी किराणा दुकानासारखी छोटी टपाल कचेरी चालवणारी साधी माणसे, त्यांना सब-पोस्टमास्टर म्हणतात. संध्याकाळी हिशोब केला की यंत्र सांगे, हजार पौंड कमी आहेत. कमी पडले तर भरून द्यायचे, असा त्यांचा करार. माझ्या वाचकांत कोणी कॅशियर असतील तर त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. रोख कमी आली की आपल्याकडेही ती कॅशियरच्या खिशातून जाते. पण आपण निदान नोटा पुन्हा मोजू शकतो, व्हाउचरचा गठ्ठा उलटून पाहू शकतो. त्या माणसांपुढे फक्त पडदा होता. त्यांनी घरे गहाण टाकून पैसे भरले. दूरध्वनी करून विचारले तर तिकडून सांगत, दुसऱ्या कोणाची तक्रार नाही. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांत शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. त्याच सुमारास तिथल्या कायद्यात बदल होऊन, उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबरच चालतो असे न्यायालयाने गृहीत धरायची रीत पडली होती.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की यंत्रणेत दोष होते आणि त्यांमुळे हिशोबात खोटी तूट दिसू शकत होती. या खटल्यात एक गोष्ट पुढे आली. यंत्रणा बनवणाऱ्या फुजित्सू कंपनीकडे माहीत असलेल्या दोषांची नोंदवही होती. तिचे नावच मुळी 'ज्ञात दोषांची नोंद' अशा अर्थाचे. म्हणजे यादी होती. ती कपाटात होती आणि माणसे तुरुंगात होती. २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. तोवर ज्यांची वये चाळीस होती त्यांची पासष्ट झाली होती.

टेस्टिंगच्या कोणत्याही वर्गात पहिल्या दिवशी हे शिकवावे असे मला वाटते, साधने नंतर. आज उलट आहे. आयएसटीक्यूबी ही २००२ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिची पायाभूत परीक्षा म्हणजे चाळीस प्रश्न, साठ मिनिटे, सव्वीस बरोबर आले की प्रमाणपत्र. अभ्यासक्रम चांगला विचार करून केलेला आहे, मी वाचला. सगळे दोष निघाले असे टेस्टिंग कधीच सिद्ध करू शकत नाही, हे त्यात पहिल्या प्रकरणातच आहे. पण चार पर्यायांतून एकावर खूण करायची म्हटल्यावर मुले गेल्या वर्षीचे प्रश्न पाठ करतात. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. मुले तिला सांगतात, पैसे काढायच्या पडद्यासाठी टेस्ट केस लिहून दे. ती चहा गाळेपर्यंत दोनशे लिहून देते आणि त्यातल्या बऱ्याच चांगल्या असतात. साधे मॅन्युअल टेस्टिंग करून उमेदवारीत शिरायचे दार त्यामुळे अरुंद होत चालले आहे, हे मुलांना कळते. धास्तीपोटी काही जण दुसरे दार शोधतात. दोन वर्षांच्या अनुभवाचे खोटे प्रमाणपत्र, बंद पडलेल्या कंपनीच्या नावाने पगाराच्या पावत्या, सगळे पैसे टाकले की मिळते. खरे-खोटे तपासणे हाच ज्याचा धंदा, त्याने त्यात असे शिरायचे. आमचा तरुण या वाटेला जात नाही, म्हणून त्याच्याकडे गर्दी थोडी कमी आहे.

गेल्या महिन्यात मी मुलांना माझा स्वतःचा एक सराव दिला. केंद्र सरकारच्या निवृत्तांना वयाची ऐंशी पूर्ण झाली की मूळ निवृत्तिवेतनात वीस टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीला तीस, असे करत शंभरीला शंभर टक्के. वाढ लागू होते ती ज्या महिन्यात वय पूर्ण होते त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून, वाढदिवस एकतीस तारखेला असला तरी. हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमचा टेस्ट प्लॅन लिहा. अट एकच: पाचव्या कलमात 'लागू नाही' लिहायचे नाही.

मुलांनी एकोणऐंशी, ऐंशी, एक्क्याऐंशी ही वये घेतली, २९ फेब्रुवारीला जन्मलेला म्हाताराही घेतला. तेवढे यंत्रानेही दिले असते. मग औसा तालुक्यातली एक मुलगी, जी एरवी बोलतच नाही, म्हणाली, "सर, एक जून घ्यायला पाहिजे."

"का गं?"

"आमच्याकडं सगळेच एक जूनचे असतात. आजोबा, दोन्ही काका, पप्पा. शाळेत घालताना गुरुजी तीच तारीख टाकायचे."

वर्ग हसला, पण हसताना अर्ध्या वर्गाने मान डोलावली. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी कचेरीत जाऊन पाहा, ३१ मे रोजी निरोपसमारंभांची रांग असते. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, आणि आमच्या कित्येक पिढ्या गुरुजींच्या कृपेने एक जूनला जन्मल्या आहेत. मुलीने पुढे विचार केला होता. एक जूनला एकदम इतक्या लोकांची वाढ लागू होणार असेल, तर त्या एका महिन्यात प्रोग्रॅमवर भार किती येईल, तो पेलेल का? आणि ज्यांच्या जुन्या आधार कार्डावर नुसतेच जन्मवर्ष आहे, त्यांची तारीख प्रोग्रॅम कोणती धरणार? एक जानेवारी? मग कागदोपत्री एक जून आणि आधारवर एक जानेवारी असलेल्या आजोबांना वाढ कधी मिळणार?

मायर्सच्या चौदा प्रश्नांत हे नाही. ते औसा तालुक्यात आहे. या मुलांना वर्गात आल्यापासून असे वाटायला लावले जाते की आपले इंग्रजी कच्चे, आपले कॉलेज साधे, म्हणजे आपल्याला काहीच येत नाही. प्रत्यक्षात वारसनोंदीला तलाठ्याकडे किती खेपा घालाव्या लागतात, आईचे नाव माहेरच्या कागदावर एक आणि सासरच्या कागदावर दुसरे कसे असते, बोटाचे ठसे शेतीकामाने झिजले की रेशनचे यंत्र कसे नाकारते, हे त्यांनी घरात पाहिलेले असते. ज्यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनते त्यांतले बहुतेक लोक असेच आहेत. शंका घ्यायला लागणारा माल या मुलांकडे भरपूर आहे. तो कागदावर मांडायचा सराव कोणी करून घेत नाही.

त्या मुलीने पाचवे कलम पाऊण पान लिहून आणले. त्यात होते: ज्यांच्या दोन कागदपत्रांवर दोन जन्मतारखा आहेत अशी खाती तपासलेली नाहीत, कारण कोणती तारीख ग्राह्य धरायची हे बँकेने कळवलेले नाही. निवृत्तिवेतनधारक वारल्यावर पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन, आणि तिचे वय नोंदलेलेच नसेल तर काय, हे तपासलेले नाही, कारण वेळ नव्हता. जूनमधला एकदम येणारा भार तपासलेला नाही, कारण तेवढी खाती आमच्याकडे नाहीत. प्रत्येकापुढे, यामुळे कोणाचे किती नुकसान होऊ शकते, अशी एक ओळ. ती ओळ नमुन्यात नाही, तिने स्वतः वाढवली. सोळाव्या कलमापुढे तिने 'मॅनेजर' लिहिले नव्हते. रकाना मोकळा ठेवून मला विचारले, "सर, इथं बँकेच्या माणसाची सही घ्यायची का कंपनीच्या?" मी म्हटले, दोघांची घे. वर्ग चालवणारा म्हणाला की तशी पद्धत नाही. यावर आमचा बराच वाद झाला आणि अजून मिटलेला नाही. मात्र पुढच्या तुकडीपासून पाचवे कलम रिकामे असेल तर प्लॅन परत करायचा, एवढे त्याने कबूल केले आहे.

मंगळवारी तिची खराडीत मुलाखत होती. प्लॅनची प्रत ती बरोबर घेऊन गेली. समोरच्याने ती उलटून पाहिली, बाजूला ठेवली आणि सेलेनियमचे सहा प्रश्न विचारले. चार तिला आले. निघताना त्याने ती प्रत परत दिली नाही, आपल्याकडेच ठेवून घेतली. पुढची फेरी बुधवारी आहे.